मामानं नेली

बातमीच्या पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळं व्हायचं, वाचकाला ताटकळत ठेवायचं नाही, असं मला शिकवलेलं आहे. तेव्हा सांगूनच टाकते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवर, ठरलेलं लग्न माझ्या बातमीमुळे मोडलं. बातमी छोटीशी होती, पहिल्या पानावरचीही नव्हती, आणि गंमत म्हणजे मी जे ऐकलं होतं तेच त्यात लिहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षं वार्ताहरकी केली, मंत्री पाहिले, पूर पाहिले, पण माझ्या धंद्याबद्दल कोणी लिहायला सांगितलं की मला आधी एक गाय आठवते.

मी मूळची चंद्रपूरची, कोळसाखाणीच्या कॉलनीतली. बाबा खाणीत फिटर. बी.ए. होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन घरी बसले होते, तेव्हा वासेकर सरांनी बातमी आणि लेख लिहायला शिकवणारा सहा महिन्यांचा क्लास काढला. सर नागपूरच्या वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले. क्लास संध्याकाळी एका शाळेत भरायचा, चौथीच्या वर्गात. बाकं इतकी बुटकी की आम्हा अकराही जणांचे गुडघे कानाला लागायचे. सरांच्या हातात लाल शाईचं पेन असायचं आणि तोंडात सतत एकच वाक्य, "पुढं काय झालं ते सांग ना बाप्पा!"

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर बातमीचे सहा प्रश्न लिहिले: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या भाषेत सांगतो. कोन, काय, कुठी, कवा, काऊन, कसं. पहिले चार पोलीसही विचारतात. 'काऊन' विचारतो तो वार्ताहर." मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं, झालं, विद्या आली.

लेख लिहायला शिकवताना सरांनी सांगितलं, जे रोज डोळ्यांसमोर असतं त्यावर लिहा. मे महिना होता. अकराच्या अकरा जणांनी चंद्रपूरच्या उन्हावर लिहिलं. मी तर सूर्याला 'अग्निनारायण' म्हटलं होतं, तेही तीनदा. सरांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अकरा जणांनी उन्हावर लिहिलं आणि वाचताना मला एकदाही तहान लागली नाही. घरी जा." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा गेलो, कारण फी परत मिळणार नव्हती.

क्लास संपला तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडेच दिवस झाले होते. नवीन जिल्हा, नवीन कचेऱ्या, आणि नागपूरच्या एका दैनिकाला तिथे वार्ताहर हवा होता. कोणी जायला तयार नव्हतं. सरांनी माझं नाव पाठवलं. आईने आठ दिवस अबोला धरला, मग पापडाचा डबा भरून दिला.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमची बातमी एसटीने जायची. कागद पाकिटात घालायचा, वर मोठ्या अक्षरात 'बातमी' लिहायचं आणि नागपूरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. ड्रायव्हर ते समोरच्या काचेवर, डोक्यावरच्या पट्टीत खोचायचा. पाकीट नागपूरला पोचून बातमी छापून परत माझ्यापर्यंत यायला तीन-चार दिवस जायचे, त्यामुळे आमचं 'काल' हे नेहमी गेल्या आठवड्यातलं असायचं. ट्रंक कॉल होता, पण तो लागेपर्यंत बातमीतला माणूस स्वतः नागपूरला जाऊन आला असता.

तिकडे आमची बातमी तपासायला डेस्कवर एक साहेब बसायचे. ते पुण्याकडून नवेच आले होते. माणूस चांगला, पण जंगल त्यांनी बागेत पाहिलेलं. 'बायका पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात' असं मी लिहिलं, तर पेपरात आलं, 'महिला पहाटेच मोहक फुलं वेचायला निघतात.' गावातल्या बायका मला पाहिलं की पदर तोंडाला लावून विचारायच्या, "काऊन वो बाई, आमची दारूची फुलं मोहक हायेत का?" मी साहेबांना हसायचे. माझी पाळी लवकरच येणार होती.

त्या टोल्याचं नाव बदलून सांगते. बेलटोला म्हणू. तिथे हातपंपाचं उद्घाटन होतं आणि मला त्याची बातमी करायची होती. सभापतींनी दांडा हलवला, पंपाने दोन गुळण्या टाकल्या, टाळ्या झाल्या, जीप निघून गेली. माझी एसटी चारची. हातात दोन तास होते, आणि सरांनी सांगून ठेवलं होतं की उद्घाटनाची बातमी पाहुण्यांकडे नसते, पाहुणे गेल्यावर उरलेल्या माणसांकडे असते. म्हणून मी एका गोठ्यापाशी जाऊन बसले. तिथे देवराव नावाचा तरुण शेतकरी कडबा तोडत होता. पंपाचं पाणी कसं आहे, विचारलं. तो म्हणाला, "पान्याचं काय सांगू जी, माही दुभती गाय गेली परवा. कशातच जीव नाई."

मी कान टवकारले. वही काढली. सहा प्रश्न एका पाठोपाठ एक घातले, अगदी फळ्यावरच्या क्रमाने.

"गाय कोणी नेली?"

"मामानं नेली."

इथे मी मोठी हुशारी केली. पोलिसालाही लोक मामा म्हणतात, हे मला माहीत होतं. "मामा म्हणजे पोलीस का?"

"पोलीस कायले गाय नेतीन जी?"

"म्हणजे मामाच?"

"हाव, मामाच."

"कवा?"

"परवा सांजच्याले. पहाडीकडे नेली वढत वढत."

"काऊन पण?"

देवरावने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन म्हंजे? भूक लागली असन त्याले."

मला वाईट वाटलं. सख्ख्या मामावर ही वेळ! "याआधी कधी असं केलं होतं त्याने?"

"दरसाली नेते कोनाचं ना कोनाचं. मांगच्या साली पोलीस पाटलाचा गोऱ्हा नेला."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसता?"

"मंग काय करता? त्याच्यासंग कोन भांडन? जंगल त्याचंच हाये. फारेस्टात सांगतलं, आता थे पाह्यतीन."

मी मनात म्हटलं, हा मामा म्हणजे मोठाच दांडगेश्वर दिसतो. पण नाव नसलेली बातमी म्हणजे अफवा, हेही सरांचंच. "मामाचं नाव सांगा."

तो अडखळला. "नाव? माह्या मामाचं?"

"हो, तुमच्या मामाचं. पूर्ण."

"डोमाजी. खालच्या टोलीत राह्यते. पर त्याचं काय काम हाये जी?"

"पेपरात नाव द्यावं लागतं."

"असं का," म्हणून तो एकदम खूश झाला. नंतर कळलं की डोमाजीची मुलगी कौसल्या त्याला ठरली होती. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. होणाऱ्या सासऱ्याचं नाव पेपरात येतंय, हे त्या बिचाऱ्याला भूषण वाटलं. पेपरात पंपाची बातमी येणार, आणि त्यात गावातली चार नावं, असा त्याचा समज. डोमाजीलाही विचारून घ्यावं, असं मला एकदा वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खालची टोली अर्ध्या तासाच्या वाटेवर होती आणि एसटीचा हॉर्न वाजला.

चार दिवसांनी पेपर आला. मथळा साहेबांचा होता, 'सख्ख्या मामाने पळवली भाच्याची गाय!' आणि खाली मजकूर माझा. तो मला अजून तोंडपाठ आहे. 'बेलटोला येथील शेतकरी देवराव यांची दुभती गाय त्यांचे मामा डोमाजी, रा. खालची टोली, यांनी सायंकाळी फरफटत पहाडीकडे नेली. मामांची परिस्थिती हलाखीची असून भुकेपोटी हे कृत्य घडले असावे, असे भाच्याचे मत आहे. मामा दरवर्षी असे प्रकार करत असल्याने परिसरात त्यांची दहशत आहे. भाच्याने वनखात्याकडे दाद मागितली आहे.' वनखात्याकडे का, हा प्रश्न मलाही पडला नाही आणि साहेबांनाही पडला नाही. मी कात्रण कापून आईला पाठवलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी देवराव सायकलने माझ्या दारात. तीस किलोमीटर मारून आलेला, घामाने निथळत, हातात पेपर.

"बाई, काय लिहलं हे?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी मामा म्हनलो!"

"मीही मामाच लिहिलंय."

"अवो बाई, थो मामा!" असं म्हणून त्याने हाताची बोटं वाकडी करून पंजा दाखवला. मला वाटलं, मामाने मारलं की काय याला. "कोण थो?" मी विचारलं. तो बोलेना. इकडे तिकडे पाहिलं, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि पेपरातल्या 'मामा' या शब्दावर उभे पट्टे ओढले. पाच-सहा पट्टे. मग एक शेपूट काढली.

माझ्या बातमीत वाघ उभा होता. बेलटोल्यात त्याचं नाव घेत नाहीत. कोणत्या गावात 'जनावर' म्हणतात, कुठे 'बुवा' म्हणतात, या गावात 'मामा'. नाव घेतलं की तो समजतो आपल्याला बोलावलं, आणि येतो. मी कॉलनीतली मुलगी. आमच्याकडे वाघ कॅलेंडरवर असायचा आणि त्याला लोक खुशाल वाघ म्हणायचे.

देवरावने मग पुढचं सांगितलं. रविवारच्या बाजारात डोमाजी भाजी घेऊन बसला होता. लोक येऊन विचारू लागले, "डोमाजी, गाय कितीले देतेस?" एकाने तर उपाशी असशील म्हणून समोर भाकर ठेवली. डोमाजी टोपली तशीच सोडून घरी गेला आणि बहिणीला, म्हणजे देवरावच्या आईला, येसाबाईला निरोप धाडला की ज्या घरातून माझ्यावर चोरीचा आळ आला त्या घरात मी पोरगी देत नाही. पंधरा दिवसांवर लग्न होतं. येसाबाई तेव्हापासून जेवली नव्हती. "मामा माह्याकडे पाह्यतबी नाई," देवराव म्हणाला आणि तो मोठा बाप्या माणूस माझ्या पायरीवर बसून रडायला लागला.

मी ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला. साहेबांना सांगितलं, मामा म्हणजे वाघ. मग साहेब म्हणाले, "आणि मामी?" मी रागाने लाल झाले. पण त्यांनी दुरुस्ती छापायचं कबूल केलं, आणि छापली, सहाव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली: 'बेलटोला येथील गाय पळवल्याच्या वृत्तात "मामा" ऐवजी "वाघ" असे वाचावे. चूकभूल द्यावी घ्यावी.'

लोक आज्ञाधारक. त्यांनी तसंच वाचलं. 'त्यांचे वाघ डोमाजी, रा. खालची टोली. वाघांची परिस्थिती हलाखीची आहे.' बाजारात पोरंटोरं डोमाजीला पाहून डरकाळ्या फोडू लागली. आणि वर गावातली म्हातारी माणसं माझ्यावर खवळली ती वेगळीच, कारण त्यांच्या गावाच्या नावाला जोडून मी 'त्याचं' नाव छापून टाकलं होतं. "आता थो येतेच," असं पोलीस पाटील मला सांगून गेला. एका चुकीवर दुसरी चूक. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

शेवटी मी स्वतःच खालच्या टोलीत गेले. पहिल्यांदाच जायला हवं होतं ते दुसऱ्या खेपेला गेले. डोमाजी अंगणात दोरी वळत बसला होता. बारीक, काळा, पन्नाशीचा माणूस. मी छापलेली 'दहशत' ती हीच, हे पाहून मलाच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी नमस्कार केला, चुकलं म्हणाले. त्याने मान वर केली नाही. दोरी वळतवळतच म्हणाला, "बाई, पहिले तू मले मोठ्या अक्षरात चोर केलं. मंग बारीक अक्षरात थो केलं. आता माणूस कवा करतेस मले?"

मी उठले आणि येसाबाईकडे गेले, माफी मागायला. ती माझ्याशी नीट बोलली, त्याचंच जास्त लागलं. गोठ्यात एक तांबडी गाय उभी होती आणि तिला दोन वासरं एकदम लुचत होती. मी सहज विचारलं, गाय तर गेली ना तुमची? ही कोणाची?

"भावाचीच हाये," येसाबाई म्हणाली. "गाय गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तांबडं फुटल्यावर घेऊन आला. आमचं वासरू हंबरत होतं ना. तिनं आपल्या वासरासंग यालेबी पाजलं, पाय झाडला नाई."

म्हणजे मी देवरावची मुलाखत घेत होते तेव्हा हीच गाय माझ्या पाठीमागे रवंथ करत उभी होती! देणाऱ्याला मी चोर छापलं होतं, आणि त्याची गाय साक्षीला होती. मी काय, कुठे, केव्हा सगळं विचारलं, पण मान वळवून मागे पाहिलं नाही. एसटीची पर्वा न करता मी तशीच उठून पुन्हा खालच्या टोलीत गेले आणि डोमाजीला विचारलं, "लग्न मोडलंत, मग गाय परत काऊन नाही आणली?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "भांडन माहं न भाच्याचं हाये. वासराचं काय भांडन हाये?"

तो लेख मी दोन दिवस लिहिला. बातमी सोळा ओळींची लिहून झाली होती वीस मिनिटांत, लेखाला घाम फुटला. त्यात नेणारा मामा होता आणि देणारा मामा होता, दोन वासरांना पाजणारी गाय होती, आणि मागे वळून न पाहता लिहिणारी मी होते. माझी चूक मी माझ्या नावाने लिहिली. आणि 'त्याचं' नाव अख्ख्या लेखात एकदाही घेतलं नाही. आता चंद्रपुरात बसून लिहितेय म्हणून खुशाल वाघ वाघ करतेय. लेखाची एक प्रत वासेकर सरांना पाठवली. त्यांचं कार्ड आलं, 'तिसऱ्या परिच्छेदात एक विशेषण जास्त आहे. बाकी ठीक.'

साहेबांचा ट्रंक कॉल आला. "बाई, यात वाघ हा शब्दच नाही."

"नाही."

"वाचकाला कळणार कसं?"

"तुम्हाला कळलं ना?"

ते हसले आणि रविवारच्या अंकात अर्धं पान दिलं. मथळाही बदलला नाही. मी रविवारचा अंक घेतला आणि पुढच्या रविवारी डोमाजीकडे गेले. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला, अक्षरं मोठी आहेत का ते बोटाने मोजलं आणि मला परत दिला. "घरात नोको वाचू. मले बाजारात हासले. बाजारातच वाच."

मी तोवर कितीतरी सभांच्या बातम्या केल्या होत्या, पण स्वतः कधी उभी राहिले नव्हते. भर बाजारात मला बैलगाडीवर चढवलं. खाली वांगी, सुकी मासळी, मडकी आणि शे-दोनशे माणसं. देवराव आणि येसाबाई एका कडेला. डोमाजी माझ्याकडे पाठ करून आपल्या टोपलीपाशी बसला, मान खाली घालून मिरच्या निवडत. पहिला परिच्छेद मी नुसता पुटपुटले. "जोऱ्यानं वाच वो बाई!" कोणीतरी ओरडलं. 'भूक लागली असन त्याले' वर लोक पोट धरून हसले. गाय तांबडं फुटताना आली तिथे मडकी विकणारी बाई म्हणाली, "मायबाई!" आणि मग कोणी हसलं नाही. 'वासराचं काय भांडण' हे वाक्य मी वाचलं तेव्हा मागे कोंबड्यांशिवाय कोणाचाच आवाज नव्हता.

वाचून झालं. सगळे डोमाजीकडे पाहत होते. तो मिरच्याच निवडत होता. मनात आलं, हेही फुकट गेलं. हा काही आता मानत नाही.

डोमाजीने हात धोतराला पुसले, उठून उभा राहिला आणि गाडीपाशी आला. "बातमी अर्धीच हाये बाई," तो म्हणाला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "माह्या पोरीचं लगीन कवा हाये, थे तू लिहलंच नाई. लोक येतीन कसे?"

मी म्हटलं, "मला कुठे माहीत, डोमाजीभाऊ? तुम्हीच सांगा."

तो वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बहिणीकडे तोंड केलं त्याने. "काऊन वो येसे, ठरलेला सोमवार त गेला. उद्याचा सोडून पुढचा जमते का तुले?"

येसाबाईने पदर डोळ्यांना लावला, नुसती मान हलवत राहिली, आणि तिच्या वतीने अख्खा बाजारच ओरडला, "जमते, जमते!"